दिवा लख्ख पेटला तेव्हा

"आवाज येता मां? मगे दी!" तांडेलांनी वायरलेस सेट काखेत मारलाही होता. होडी त्यांच्या हुकमात. ती खाडीत उभी होती, भरतीशिवाय सुटणार नव्हती, आणि माझा धाकटा भाऊ दिनू तिच्यावर खलाशी.

दुकान माझ्या दिराचं, मालवण बंदराजवळ. मी आतल्या टेबलावर रिपेअरिंग करते. गिऱ्हाइकाशी भावजी बोलतात. ते मला बरं पडतं.

सेटचा पॉवर ट्रान्झिस्टर गेला होता. हा तीन पायांचा पार्ट म्हणजे नळ. बॅटरीचा जोर हवा तेवढाच पुढे सोडतो. नवा मुंबईहून यायचा, म्हणून भंगारातल्या ॲम्प्लिफायरमधून दोन काढले. दोन्हींवरचे नंबर खाऱ्या हवेने खाल्लेले. नंबर नाही म्हणजे पार्ट किती पेलतो ते कळत नाही. मीटर लावून पाय ओळखले. ज्या पायातून उरलेल्या दोन्हींकडे करंट जातो तो बेस, म्हणजे नळाची चावी. एक लावला. सेट बोलू लागला.

पण मीटरच्या आत एवढीशी बॅटरी. तिच्यावर पास झालेला पार्ट भर समुद्रात तापल्यावर काय करील? मनातून जाईना.

"ह्यो नेव नको," मी म्हटलं.

भावजींनी मान वर केली. "काय झाला वयनी?"

मी सेट परत घेतला, पार्ट सोडवला आणि गाडीच्या हेडलाइटचा दिवा जोडून मोठ्या बॅटरीवर लावला. बेसला जेमतेम करंट दिला, म्हणजे चावी अर्धीच उघडली. दिवा मंद पेटला.

"माका वायरलेस होयो गो, दिवो नको!" तांडेल म्हणाले.

बाहेरून दिनू ओरडला, "ताये, भरती काय तुझ्यासाठी थांबतली?"

पार्ट तापत गेला. मी सारखं बोट लावून पाहत होते. शेवटी बोट ठेववेना. चहा आला, तो तसाच राहिला. आणि दिवा एकदम लख्ख झाला.

"बघ, पेटलो मरे!" तांडेल हसले. "आता तरी दी."

मी बेसची वायर काढली. चावी बंद, दिवा विझायला हवा. तो तसाच लख्ख. पार्ट आतून जळून शॉर्ट झाला होता. सेटमध्ये असता तर बॅटरीचा सगळा जोर पुढच्या नाजूक भागांवर गेला असता, तोही किनारा दिसत नसताना.

"तांडेलानू, बसा," भावजी म्हणाले. ते बसले, पण पाय हलवत.

दुसरा पार्ट जोडला. तोही तापला, पण दिवा मंदच राहिला. वायर काढली की विझला. पुन्हा जोडली, पुन्हा काढली. मग थंड राहायला मागे मोठा पत्रा लावून तो सेटमध्ये बसवला. तोवर ओहोटी लागली होती.

होडी पुढच्या भरतीला गेली. परत आल्यावर दिनूने दारातूनच सांगितलं, "सेट बरो आसा. बांगडो मात्र दुसऱ्यांनी नेल्यानी." चार दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

बिननंबरी पार्टाला जळायचंच असेल तर टेबलावर जळू द्यावा. टेबलापासून घर जवळ असतं.