विहीणबाई आल्या त्या दिवशीचा धूप

वास कसला येतो, असे बाहेरचा माणूस विचारी, तेव्हा आमच्या गल्लीत दर घरी वेगळे उत्तर मिळे. कोणी म्हणे कुजलेल्या अंड्याचा, कोणी तुंबलेल्या गटाराचा, कोणी मेलेल्या उंदराचा. समोरच्या घरातल्या अक्का म्हणत, "बठ्ठासना मिळीसन एक," म्हणजे सगळ्यांचा मिळून एक.

महामार्ग धुळ्याकडे वळतो त्याच्या आतल्या बाजूला आमची वसाहत आहे. तिच्या पाठीमागे बाभळींची रांग, आणि रांगेपलीकडे शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प. लोक त्याला नुसते 'टाक्या' म्हणतात. वसाहत आधीची, टाक्या नंतरच्या. टाक्या नव्हत्या तेव्हा शहराचे घाण पाणी जसेच्या तसे नदीला मिळे आणि खालच्या गावांची गुरे तेच पीत, हेही खरे आहे. त्यामुळे टाक्या नकोत, असे गल्लीत कोणी म्हणत नव्हते. त्या नीट चालाव्यात, एवढेच म्हणणे होते.

जळगावला एका दैनिकाच्या स्थानिक पानावर मी बरीच वर्षे काम केले. दुर्गंधीच्या बातमीला तिथे ठरलेले मथळे असत. नागरिक हैराण, आरोग्य धोक्यात. स्वतः वासाजवळ राहायला आल्यावर लक्षात आले की माणसे हैराण होऊन बसत नाहीत, वेळा बदलतात. गल्लीतल्या बायका संध्याकाळचा स्वयंपाक दिवस मावळायच्या आत उरकत. कपडे उन्हातून थेट कपाटात जात. खिडक्यांच्या फटींत जुन्या लुगड्यांचे बोळे असत. दिवसा वारा वाहता असला की वास उडून जाई. दिवेलागणीला वारा पडला की तो जमिनीलगत पसरे आणि सकाळी ऊन चढेपर्यंत हलत नसे. हिवाळ्यात सगळ्यांत जास्त.

चांदी काळी पडे, ही गोष्ट मला अक्कांनी दाखवली. त्यांच्या देवघरातले टाक दर आठवड्याला चिंचेने घासूनही काळे होत. लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी त्यांनी चांदीचे वाळे करून ठेवले होते. मऊ कापडात गुंडाळून, डब्यात घालून, डबा कपाटात. तरी ते काळवंडले होते. अक्का मला ते हातात देऊन म्हणाल्या, "कपाटबी श्वास लेस वाटस."

अक्का एकट्या राहत. यजमान जाऊन काही वर्षे झाली होती. एकच मुलगी, ती शिंदखेड्याला दिलेली. जावई नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला. मुलीला पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि पहिले बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. अक्कांनी डिंक आणला होता, खारका फोडून ठेवल्या होत्या, खाटेखाली शेकोटी ठेवायची घमेली लिंपून ठेवली होती. फक्त लेक यायची होती, आणि तेच अडले होते.

अडण्याचे कारण आखाजीचे होते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्या वर्षी जावईही आले होते. अक्कांनी खापरावरचे मांडे केले होते, आमरस केला होता. जेवायला बसायला संध्याकाळ झाली. जावयांनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, आणि उलटी आवरत बाहेर गेले. मोटारसायकलवर बसून त्याच संध्याकाळी परत निघाले. रस वाटीत तसाच राहिला. सासरी काय बोलणे झाले माहीत नाही, पण मुलगी गरोदर राहिल्यावर विहीणबाईंचा निरोप आला, की नव्या जिवाला त्या हवेत कसे पाठवायचे, एकदा मी येऊन घर बघते, मग ठरवू.

याच काळात गल्लीने तक्रार दिली होती. अर्जावर पहिली सही अक्कांची होती. पुष्कळ दिवस काही झाले नाही, मग एक दिवस कळले की पाहणीला अधिकारी येणार आहेत. विहीणबाईंनी त्याच दिवशी येते म्हणून कळवले होते, आणि त्यांना दुसरा दिवस सांगणे शक्य नव्हते. येणाऱ्या पाहुण्याला आज नको म्हणणे अक्कांच्या घरात बसणारे नव्हते.

त्या दिवशी सकाळीच अक्कांनी अंगण सारवले. दारात गुग्गुळाचा धूप लावला, मागच्या दारी लावला, खिडकीत लावला. विहीणबाई सकाळच्या बसने आल्या. ठेंगण्या, सावळ्या, हातात पानसुपारीची पिशवी, बोलण्यात घाई नाही. अक्कांनी त्यांच्यासाठी भरिताचा बेत केला होता. अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायला टाकली होती. काड्यांचा धूर, भाजल्या वांग्याचा वास, ठेचलेला लसूण आणि वरून धूप, असे सगळे गल्लीभर पसरले.

शेजारच्या बाईने कुंपणावरून विचारले, "अक्का, आज तुमना घर कानबाई बसनी का? इतला धूप!"

"विहीण येल शे, माय. गप्प बस."

"अन् त्या साहेब येवाव शेतस ना? त्यासले काय हुंगाडशी, गुग्गुळ?"

अक्का निखाऱ्यातली वांगी उलटत राहिल्या.

अधिकारी दुपारी आले. दोघे होते, शिवाय टाक्यांवर काम पाहणारा एक तरुण अभियंता. ते टाक्यांना फेरी मारून गल्लीत आले आणि अर्जावरची पहिली सही कोणाची, असे विचारत अक्कांच्या अंगणात थांबले. गल्ली गोळा झाली. मीही दारात उभा होतो. विहीणबाई ओसरीवर सतरंजीवर बसल्या होत्या आणि सगळे ऐकू येईल इतक्या जवळ होत्या.

मोठ्या साहेबांनी हवा आत ओढली. "अक्का, इथे तर भरिताचा वास येतोय. भूक लागली आम्हाला."

कोणीतरी हसले. अक्कांनी पदर सावरला आणि सवयीने म्हणाल्या, "बसा ना मग. दोन घास खाऊन जा."

"ते राहू द्या. वास येतो का, ते सांगा."

अक्कांनी एकदा ओसरीकडे पाहिले. एकदा कुंपणाकडे, जिथे बायका उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आत्ता नही."

"म्हणजे येत नाही?"

"आत्ता नही येत, साहेब. वारा शे."

हे वाक्य खरे होते. त्या दुपारी वारा होता. साहेबांनी कागदावर काही लिहिले. अक्कांनी आग्रह केला म्हणून आणि खरोखरच भूक लागली असावी म्हणून, तिघांनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि भरीत खाल्ले. धाकट्या साहेबांनी भरीत पुन्हा मागून घेतले. अभियंत्याने जेवताना मान वर केली नाही. ते गेल्यावर कळले की 'पाहणीच्या वेळी दुर्गंधी आढळली नाही' असा शेरा झाला आहे.

बायकांनी अक्कांना सोडले नाही. "साहेबलोकेसले भरीत खावाडं. आते त्या वास कसा लिखतीन?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "पहिली सही तुमनी, अक्का, अन् पहिला 'नही' भी तुमनाच." ती रागावून बोलत होती, पण तिचीही मुलगी लग्नाची होती आणि पाहुणे येणार असले की तिच्याही दारात धूप जळत असे, हे तिला माहीत होते. ती लगेच घरात गेली. अक्का अंगणातली राख भरत राहिल्या.

विहीणबाईंनी घर पाहिले. बाळंतिणीची खोली पाहिली, खाट पाहिली, न्हाणी पाहिली, खारकांचा डबा उघडून पाहिला. सगळे चांगले होते. जावई नरडाण्याहून पाळी संपवून मोटारसायकलवर त्यांना न्यायला येणार होते. त्यांना उशीर झाला.

दिवस कलला तसा वारा पडला. अक्कांनी मला साखर मागायला हाक मारली होती, म्हणून मी साखर घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. ती घालून त्यांनी चहा ओतला. वास आला. आधी नुसती चाहूल, मग सगळा. विहीणबाईंची बशी ओठांपाशी थांबली. अक्का उठल्या आणि धूपपात्रात आणखी निखारा घालायला लागल्या.

"बस करा, अक्का," विहीणबाई म्हणाल्या. "धुपाघाई डोया चुरचुर करी राह्यनात."

अक्का तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"वास येस ते येस. तुमना काय गुन्हा शे?" विहीणबाईंनी बशी खाली ठेवली नाही. त्यांनी चहा पूर्ण प्यायला. मग म्हणाल्या, "पोर आठे नको. तुम्हीच तठे या."

अक्का वळल्या. "मी? पोरना घर जाईसन ऱ्हाऊ? आपन तं पोरना घरनं पानीबी पेत नही. लोके काय म्हनतीन?"

"लोकेसले वास येस का? तुमले येस."

अक्का खाली बसल्या. ज्या गोष्टीसाठी सकाळपासून धडपड केली ती हातातून गेली होती, आणि ती घेणारी बाई त्यांच्याशी बरे वागत होती. भांडायलाही जागा नव्हती. मी साखरेची रिकामी वाटी उचलून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का बाभळींच्या रांगेतून टाक्यांच्या फाटकाशी गेल्या. मला सोबत चला म्हणाल्या. तरुण अभियंता बाहेर आला. त्याला वाटले असावे, भांडायला आल्या. अक्का म्हणाल्या, "काल मी अर्धंच सांगं, साहेब. दिवा लावाना टाइमले या. चहा देसू, धूप नही."

तो हसला नाही. म्हणाला, "अक्का, मी दिवसभर इथेच असतो. मला आता वासच कळत नाही."

"मग कोन्हले कळनारा सोबत आना."

काही दिवसांनी तो संध्याकाळी आला, बायकोला घेऊन. अक्कांच्या अंगणात ती पदर नाकाला लावून उभी राहिली आणि नवऱ्याकडे पाहत राहिली. त्याला वास कळत नव्हता, तिचे तोंड कळत होते. त्याने सांगितले की वाफ्यांवर सुकायला टाकलेला गाळ ठेकेदार वेळेवर उचलत नाही, आणि वीज गेली की पाण्यात हवा सोडणारी यंत्रे बंद पडतात. पहिले माझ्या हातात आहे, तो म्हणाला, दुसरे नाही. पुढे गाळ उचलणारा ट्रॅक्टर ठरल्या दिवशी येऊ लागला. वास कमी झाला. गेला नाही.

अक्का शिंदखेड्याला गेल्या. जाताना त्यांनी बाळाचे वाळे, ज्वारीचे पीठ, तूरडाळ, मीठमिरची आणि एक लहान स्टोव्ह बरोबर घेतला. नातवंडाचे तोंड दिसेपर्यंत लेकीच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, हे त्यांनी धरून ठेवले होते. तिथे त्या ओसरीच्या कोपऱ्यात आपली भाकरी वेगळी थापत, आणि विहीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मना घर दोन चुल्ही शेतस. मी श्रीमंत व्हई गयी." ही हकिकत अक्कांनीच परत आल्यावर सांगितली. नात झाली त्या सकाळी विहीणबाईंनी तो स्टोव्ह उचलून माळ्यावर टाकला आणि अक्कांपुढे शिऱ्याची ताटली ठेवली.

सव्वा महिन्याने अक्का घरी आल्या. रिक्षातून उतरून कुलूप काढताना त्या मध्येच थांबल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इतला येस आपलाकडे?"

मी म्हटले, "आता कमी झालाय."

त्यांनी कुलूप काढायला बराच वेळ लावला.

आखाजीला लेक आली, बाळाला घेऊन, दोन दिवसांसाठी. आमरस भर दुपारी झाला, वारा असताना. जावईही जेवले आणि त्यांनी रस दुसऱ्यांदा घेतला. अक्कांनी वाटी भरताना वर पाहिले नाही.

ऊन उतरले तशी गल्लीतली माणसे, आता रोजच जातात तशी, महामार्गाकडच्या मारुतीच्या पाराशी बसायला निघाली. तिथवर वास पोहोचत नाही. अक्कांनी नातीला कडेवर घेतले. निघण्याआधी लेकीने बाळाच्या पायांत वाळे घालायला डबा उघडला. शिंदखेड्याहून घासूनपुसून आणलेले, पांढरे.

"आठे नको घालू," अक्का म्हणाल्या. "पारवर गयात का घाल."

लेकीने ते कापडात गुंडाळले आणि पिशवीत ठेवले. पारावर पोहोचल्यावर अक्कांनी स्वतः ते नातीच्या पायांत चढवले. दिवे लागल्यावर गल्लीकडे परतताना ते काढून घेतले, आणि पुन्हा कापडात बांधले.