बाबांच्या नावानं माझं रक्त

बाबांच्या नाडीला ठेका नव्हता. अकोल्याच्या डॉक्टरांनी मनगट बराच वेळ धरून ठेवलं आणि रक्त तपासायला लिहून दिलं. हृदयावरचा ताण रक्तात दिसतो, गुठळीचा धोका किती ते त्यावरून ताडता येतं, मग रक्त पातळ करायच्या गोळीचं ठरवू, म्हणाले. भातकुलीला परत येताच बाबांनी जाहीर केलं की रक्त देणार नाही. हार ओवायची सुई सोडून ते सगळ्याच सुयांना भीत.

शेतीची ती वाईट वर्षं. आमचं फुलांचं दुकान. लग्नाच्या हारांपेक्षा दुसरेच हार जास्त जायचे. बाबांशी वाद घालायला वेळ नव्हता आणि, खरं सांगायचं तर, हिंमतही. अमरावतीच्या लॅबमध्ये मी बाबांचं नाव सांगितलं आणि माझा हात पुढे केला. वय चौसष्ट, म्हणालो. लिहिणाऱ्यानं मला नीट पाहिलं आणि काही शंका घेतली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

रिपोर्ट झकास आला. गोळी तूर्त नको ठरलं. बाबा गिऱ्हाइकांना रिपोर्ट दाखवू लागले.

सहा महिन्यांनी एका लग्नाला त्यांनी एक हार गुडघ्यापर्यंत केला, दुसरा जेमतेम कानापर्यंत उतरेल एवढा. आम्ही हसलो. पुन्हा तसंच झालं तेव्हा अकोल्याला नेलं. मेंदूचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, "यांना मुका झटका येऊन गेलाय."

"मुका? कोणाचा?" आईनं विचारलं.

"घेतला असता तं मले आठवलं नसतं काय?" बाबा म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. असा झटका न बोलता मेंदूत डाग ठेवून जातो, पुढचा मात्र माणूस आडवा करू शकतो, म्हणाले. मग जुना रिपोर्ट पाहत राहिले. रक्त इतकं चांगलं, म्हणजे कारण दुसरं असेल, गोळीचं नंतर बघू, असं त्यांनी म्हटलं आणि मला सांगावंच लागलं.

"ते रक्त माझं आहे."

बाबांनी बाही वर केली. "घ्या, आता माहं घ्या." मग माझ्याकडे वळून, "काहून रे, फोटोतलं डोकं तरी माहंच हाय ना?"

गोळी त्याच दिवशी सुरू झाली. निघताना मी डॉक्टरांना हळूच विचारलं, झटका रिपोर्टच्या आधी आला की नंतर. डागावर तारीख नसते, म्हणाले.

गोळीचं प्रमाण ठरवायला पुढे दर महिन्याला बाबा तोंड फिरवून रक्त देत. मला सोबत नेत नसत. लॅबवाला चुकून तुहंच घेईन, म्हणत.