तेल तेवढं चालू ठेवा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी चांगोदादांचं नाव घेईन. मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या अलीकडे आमचं गाव लागतं. चांगोदादा तिथले दुकानदार आणि पाच पंचांपैकी एक. ते गेल्याचं मला मार्गशीर्षात नाशिकला कळलं. गावाकडून आलेला एकजण भाताच्या भावाबद्दल बोलत होता, बोलता बोलता म्हणाला, "चांगोदादा गेले ना. तुमाला कळवलं नाय कोनी?" मला कळवावं असं कुणाला सुचण्याजोगं आमचं नातं नव्हतंच... आम्ही एकमेकांशी फारसं बोललोही नव्हतो.

इटलीने अबिसीनियावर चाल केली त्या हिवाळ्यात मी शहापूरला मामाकडे राहून मॅट्रिकचा अभ्यास करत होतो. माझी थोरली बहीण विधवा होऊन घरी आली होती. वडिलांनी पंचांना न विचारता तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून दिला. पाटाला आमच्यात मनाई नव्हती. न विचारणं हाच गुन्हा होता. वडिलांना पंचांपुढे बोलावणं आलं तसं मामाने माझी वळकटी ओट्यावर आणून ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू घरी जा रे. उद्या आमच्या दारात पन पंच यायचे." मी घरी आलो.

देवळापुढे पंच बसले तेव्हा मी वडिलांच्या मागे उभा होतो. पाटलांनी एकेक गोष्ट सांगितली. बोलणं बंद, विस्तव बंद, उसनंपासनं बंद, न्हावी बंद, दुकान बंद. चांगोदादांनी मान हलवली आणि मग म्हणाले, "दुकान बंद, कबूल. पन तेल तेवढं चालू ठेवा."

"कशाला? तेल तुजा पाव्हना लागतो?" पाटील म्हणाले. लोक हसले.

"पाटील, तिकडं युरोपात एवढी राज्यं बसली इटलीला वाळीत टाकायला. कर्ज बंद केलं, हत्यारं बंद केली, त्याचा माल घ्यायचा बंद केला. पन तेल नाय बंद केलं. मी वाचून दाखवलं ना तुमाला? एवढी शिकलेली मानसं ती, काय तरी बघूनच ठेवलं असंल. आपन काय त्यांच्यापेक्षा शाने?"

पाटील जरा घोटाळले. ही राज्यं जिथे बसली होती ते जिनीव्हा कुठे आहे हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तिथल्या लोकांपेक्षा शहाणं ठरायची कुणाची तयारी नव्हती. शेवटी ते म्हणाले, "बरं. पन त्यांनी तेल बंद केलं का आपलं पन बंद."

मीठमिरची वडील मुरबाडच्या बाजारातून आणू शकत होते. दिव्याचं तेल, म्हणजे घासलेट, मात्र प्रवाशांच्या सर्व्हिस मोटरीत चढवू देत नसत, आणि गावची बैलगाडी आमच्यासाठी जुंपली जात नव्हती. दिवसा मी वडिलांबरोबर लाकडं तोडायला जाई, कारण मजूर मिळत नव्हता. पुस्तक हाती यायचं ते अंधार पडल्यावरच. चांगोदादांचं घासलेट बंद झालं असतं तर माझी परीक्षा तिथेच संपली असती.

दुकानात गेलो की मी बाटली पायरीवर ठेवून मागे सरत असे. बोलायला बंदी होती आणि चांगोदादा स्वतः पंच. ते तेल ओतत, मी बाटली उचलत असे. पण मी आलो की ते वर्तमानपत्र हातात घेत. ते मोटरीने दोन दिवस शिळं येई आणि वाचून झालं की त्याच्या पुड्या होत. बाकड्यावर बसलेल्यांना ते मोठ्या आवाजात सांगत, "तेलाची बैठक पुढं ढकलली." ते अबिसीनियाच्या राजाच्या बाजूचे होते. "लबाड मेले तिकडले, इटलीला दुखवायचं नाय कोनाला," असं म्हणत आणि माझी बाटली काठोकाठ भरत.

"दादा, तुजा राजा काय टिकत नाय," कुणीतरी डिवचे.

"तेल थांबलं तर टिकंल," ते म्हणत, आणि मग पायरीवरच्या माझ्या बाटलीकडे बघून पान उलटत.

मी घरी येऊन वाचत बसे. आमच्या अंगणात कुणी येत नसे. समोरून जाणारी माणसं कुंपणापाशी आली की पाऊल उचलत. अनवाणी माणसांवर विमानांतून विषारी वायू टाकल्याच्या बातम्या त्याच वर्तमानपत्रात असत. ती विमानं न थांबलेल्या तेलावर उडत होती आणि माझी चिमणीही त्याच्यावरच जळत होती. तिकडच्या मुत्सद्द्यांनी आणखी थोडं रेंगाळावं, असं मला रोज वाटे. हे कुणाला सांगावं, तर बोलायला माणूसच नव्हतं...

मी पास झालो. अबिसीनिया पडला. पावसाळ्यात तिकडची बंदीही उठली. चांगोदादांनी पंचांपुढे विषय काढला, "तिकडं उठवली. आपन पन उठवू."

"तो देश जिंकला म्हनून उठवली," पाटील म्हणाले. "ह्यो काय जिंकला?"

"ह्याचा पोर मॅट्रिक झाला."

बंदी उठली. गाव आमच्याशी बोलू लागलं. मी आणि चांगोदादा मात्र तसेच राहिलो. सुट्टीत गेलो की मी बाकड्यावर टेकत असे, ते वाचत, मी ऐके. नोकरी करता करता यंदा मी बी.ए. झालो, तेव्हा दिवाळीनंतर त्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. ते पत्र असं होतं :

तीर्थरूप चांगोदादांस साष्टांग नमस्कार.

मी बी.ए. झालो. आमच्या घरात पहिलाच. समोर आलो की मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो. त्या हिवाळ्यात अख्ख्या गावात मला ऐकू जावं म्हणून बोलणारे तुम्ही एकटे होतात. तिकडे तेल थांबावं असं तुम्हाला मनापासून वाटत होतं, हेही मला दिसत होतं. माझ्यासाठी तुम्ही काय काय गिळलंत ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायचं आहे. पौषात म्हशाच्या जत्रेला येईन. दुकान बंद झाल्यावर थोडं थांबा. वर्तमानपत्र राहू द्या. आपण दोघं नुसतं बोलू.