वाटी रिकामी जात नाही

“पोरगी मुकी हाय काय वो तुमची?” बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी काकींना विचारलं. विचारलं अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. काकींनी उत्तर मात्र डॉक्टरांच्या दारापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात दिलं. “मुकी न्हाय वो. इंग्लिश मिडियमची हाय.” वेटिंग रूममधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि मी हातातल्या रिपोर्टमध्ये तोंड लपवलं.

या काकी माझ्या नात्यातल्या कुणी नाहीत. आमच्या घरासमोर त्यांचं घर, मध्ये फक्त रस्ता. पण अख्ख्या कोल्हापुरात शोधलं तरी त्यांच्यासारखी भांडं परत करणारी बाई सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे लिहू शकते (बोलू शकेन असं नाही). शेजारून आलेलं भांडं रिकामं परत देऊ नये ही रीत तशी सगळीकडेच आहे. माझी आई चमचाभर साखर घालते आणि मोकळी होते. काकींच्या मते ही निव्वळ पळवाट. आलं त्याच्यापेक्षा उणं जायला नको आणि घरात त्या दिवशी जे सगळ्यांत भारी असेल तेच वाटीत पडलं पाहिजे, असा त्यांचा कायदा. आईनं उपीट पाठवलं की करंज्या येतात. आई ओशाळून खीर पाठवते, तर रश्श्याचं पातेलं येतं. यातलं पहिलं भांडं कुणाचं गेलं होतं हे आता दोन्ही घरांत कुणाला आठवत नाही. बरं, हा कायदा फक्त भांड्यांपुरता असता तर समजण्यासारखं होतं. बाबांचं हेल्मेट त्यांनी एकदा नेलं, ते परत आलं तेव्हा त्यात पेरू होते. प्रवासाला नेलेल्या आमच्या बॅगेतून मुरगूडचा, म्हणजे त्यांच्या माहेरचा, गूळ निघाला आणि पुढं वर्षभर आमच्या कपड्यांना काकवीचा वास येत होता. शिडीत काही ठेवता येत नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो, तर शिडीच्या वरच्या पायरीला शेवग्याच्या शेंगांची जुडी बांधून आली.

आई शाळेत शिकवायची, त्यामुळे माझं अर्धं लहानपण काकींच्या ओट्याशेजारच्या पाटावर गेलं. मी वाटी घेऊन दारात उभी राहायची आणि आईचा निरोप पुटपुटायची. काकी हातातली पळी तशीच धरून म्हणायच्या, “मोठ्यानं बोल की. कुणाच्या बापाला भितीस का काय?” त्यांचा स्वतःचा आवाज असा, की त्यांनी काकांच्या कानात काही सांगितलं तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला होकार देतो. भाजीवाला एकोणसत्तर म्हणाला की मी त्यांच्याकडे बघायची, आणि त्या मला सिक्स्टी नाइन असं, जणू मंडईत दवंडी पिटतायत अशा थाटात सांगायच्या. पण एक गोष्ट होती. बाकी सगळे माझं वाक्य कंटाळून पुरं करून टाकत. काकी थांबत. फोडणी करपली तरी थांबत. माझं वाक्य मलाच संपवू देणारी ती एकटी बाई होती, आणि मी त्यांना याबद्दल कधी काही म्हटलेलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात त्यांचे खांदे धरले. आधी दोष उशीला गेला, मग पंख्याला, मग काकांनी हौसेनं आणलेल्या नव्या गादीला. गादी अंगणात काढली तरी दुखणं घरातच राहिलं. सकाळी कूस बदलायची तर काकांनी धरून वळवावं लागे. दुपार होईपर्यंत कंबर आणि मांड्या उलगडत नसत. वरच्या फळीवरचे डबे एकेक करून खाली आले. मी घरूनच कॉम्प्युटरवर काम करते, म्हणून एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. बोलावलं म्हणजे हाक न मारता काकांना पाठवलं, तेव्हाच मला भीती वाटली. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, केस मोकळे, मांडीवर फणी. “हात वर जाईना बघ,” एवढंच म्हणाल्या. मग मी रोज जाऊन त्यांची वेणी घालू लागले. त्या वेळी आम्ही दोघीही बोलत नसू. मला ते सोपं जायचं, त्यांना किती अवघड जात असेल याची कल्पना आहे. आजारी बाई म्हणून गल्लीतनं रोज काहीबाही येत होतं आणि रिकाम्या वाट्या ओट्यावर साठत होत्या. एवढ्या दुखण्यात त्यांच्या डोळ्यांत पाणी मी एकदाच पाहिलं, तेही दुखतंय म्हणून नव्हे. त्या वाट्यांकडे बघून.

तर आम्ही त्या दवाखान्यात होतो. काकांना दवाखान्याच्या वासानं चक्कर येते, म्हणून सोबत मी. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, काकींना हात वर करायला लावले आणि आजाराचं नाव सांगितलं: पॉलिमायाल्जिया रुमॅटिका. काकींनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं, लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, “लई लांबचं पाव्हणं दिसतंय.” मॅडमनी नीट समजावलं. साठीच्या आसपास हे असं होतं, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी लवकर आराम पडतो, पण गोळ्या पुष्कळ दिवस घ्याव्या लागतात, वर्षभर किंवा त्याहून जास्त. डोस कमी करायचा तो आम्ही सांगू तसा, हळूहळू. मनानं कमी करायचा नाही, मनानं बंद तर अजिबात नाही. मध्ये मध्ये शुगर तपासायची, हाडांसाठी कॅल्शियम घ्यायचं, मीठ आणि गोड बेतानं. काकींनी एकच शंका काढली. “रस्सा चालतोय न्हवं?” मीठ कमी करून चालेल म्हटल्यावर त्यांच्या लेखी आजार निम्मा बरा झाला. घरी आल्यावर गल्लीला त्यांनी एवढंच कळवलं की पाव्हणं वर्षभर ऱ्हायाला आलंय.

आणि गोळ्यांनी खरंच जादू केली. तिसऱ्या की चौथ्या सकाळी समोरच्या गच्चीवरून माझ्या नावाची आरोळी आली. मी धावत बाहेर गेले तर काकी दोन्ही हात डोक्यावर उंच करून उभ्या. “बघ की! गेलं का न्हाय वर?” खाली दूधवाला किटली धरून तसाच बघत राहिला. त्या दिवसापासून काकींना भूक अशी लागली की नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये त्यांनी आणखी एक जेवण बसवलं. झोप मात्र उडाली. पहाटेच भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि आमची गल्ली मिक्सरच्या गजरानं उठायची. गाल वर आले, चेहरा गोल झाला, तर बायका “तब्येत सुधारली वो” म्हणून कौतुक करायला लागल्या. ओट्यावरच्या वाट्या भरून, झाकून, एकेका घरी परत जाऊ लागल्या. मला वाटलं, आता सगळं ठीक झालं.

एका दुपारी त्यांनी मला बोलावून आमची स्टीलची वाटी हातात दिली. वाटीत मटकीची उसळ, झाकणावर दोऱ्यानं बांधलेली कागदाची छोटी पुडी. मला वाटलं अंगारा असेल. त्या मान जवळ आणून कुजबुजल्या, म्हणजे नेहमीच्या माणसाच्या आवाजात बोलल्या: “आईला दे. गुडघं लई धरल्यात तिचं. माझी गोळी हाय ती, निम्मी. मी निम्मी घेतोय, निम्मी वाटतोय. मला गुण आला, लोकास्नी बी येऊ दे की.”

मी वाटी घेऊन निघाले. रस्त्याच्या मधोमध पाय थांबले. आईला डायबेटिस आहे. काकींनी दिलंय म्हटल्यावर ती काय आहे हेसुद्धा विचारणार नाही, पाण्याबरोबर घेऊन टाकेल. ही पुडी गपचूप गटारात टाकणं मला सहज जमलं असतं. न बोलता करायच्या सगळ्या गोष्टी मला जमतात. पण उद्या दुसऱ्या घरची वाटी निघणार होती. आणि आता मला आठवलं की मघाशी उसळ काढताना काकींनी झाकण डाव्या हातानं घेतलं होतं. उजवा खांदा पुन्हा वर जात नव्हता. चहाचा डबाही पुन्हा खालच्या फळीवर आला होता. त्या हे कुणाला सांगत नव्हत्या.

मी परत फिरले. दारात उभी राहून म्हणाले, “काकी, हे असं नाही करायचं.” त्या पळी धरून वळल्या. “मोठ्यानं बोल की.”

मग मी बोलले. आईची शुगर, मॅडमनी सांगितलेलं, निम्म्या डोसनं त्यांचा खांदा पुन्हा धरलाय ते, त्यांनी अशाच गोळ्या बंद पडू दिल्या तर त्या एखाद्या दिवशी चक्कर येऊन पडतील ते, सगळं. मध्ये दोनदा शब्द अडकला. त्या थांबल्या. काकांनी पेपर खाली केला. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली असं नंतर कळलं.

तिथूनच मी मॅडमना फोन लावला. आणखी एका घरी निम्मी गोळी गेली होती. तिथे जाऊन मीच ती मागून आणली, सुदैवानं त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली होती. काकी पुन्हा पूर्ण डोसवर आल्या. आता मॅडम तो थोडा थोडा उतरवतायत. थंडीच्या एखाद्या सकाळी पाव्हणं दारात डोकावून जातं, पण आत येत नाही. वेणी त्या स्वतःच घालतात. मला त्या न बोलण्याच्या सकाळींची सवय झाली होती. खिडकीतून त्यांचे हात डोक्यामागे गेलेले दिसले की बरं वाटतं, आणि थोडं चुकल्यासारखंही.

त्या दुपारचं शेवटचं मात्र सांगायचं राहिलं. माझं बोलून झाल्यावर काकींनी माझ्या हातातली वाटी घेतली. मग त्यांनी पुडी सोडवून गोळी आपल्या डबीत ठेवली. उसळीकडे बघितलं. मटकी म्हणजे रोजचंच, त्यांच्या हिशेबानं वाटी रिकामीच होती. “तुझ्या आईनं परवा बासुंदी धाडलीती,” त्या म्हणाल्या, आणि इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “मग आता वाटी अशी रिकामीच धाडू व्हय?”

मी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि रस्त्यापलीकडे आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, “एक डाव जाऊ दे की रिकामी, काकी. आमच्याकडं तुमचं लई शिल्लक हाय.”