चित्र मुलाकडे, आकडा आपल्याकडे

वत्सला गेल्याचं तिच्या भाच्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी दळण घेऊन नुकतीच घरी आले होते. डबा हातातच होता. तो म्हणाला, "मावशी, आत्या झोपेतच गेली... काही त्रास झाला नाही." मी "बरं" म्हणाले. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीच्या मृत्यूवर आपण "बरं" म्हणालो, याचं नंतर बराच वेळ नवल वाटत राहिलं. त्याच्या आधीच्याच आठवड्यात मी तिला भेटले होते. नगरच्या तिच्या घरी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तिने नेहमीप्रमाणे पत्र्याची पेटी पुढे केली आणि म्हणाली, "उचल." मी एक चित्र उचललं. छत्री निघाली. "मग आज कॉफी," ती म्हणाली. छत्रीचा आणि कॉफीचा काय संबंध, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

या पेटीची गोष्ट सांगितल्याशिवाय वत्सला सांगता येणार नाही. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही दोघी नगरच्या एका कॉलेजात होतो. मी ग्रंथालयात, ती मानसशास्त्र शिकवायला, तीही तात्पुरत्या नेमणुकीवर. ती मूळची राजूरच्या बाजूची. वडील भंडारदऱ्याच्या कालव्यावर मजूर, घरात बुद्धाची तसबीर आणि त्याखाली तिच्या शाळेतल्या बक्षिसांची रांग. शिकून प्राध्यापक होणारी घराण्यातली ती पहिलीच. प्रबंध पूर्ण झाला की नेमणूक कायम होईल, असं तिला सांगण्यात आलं होतं. प्रबंधाचा विषय साधा होता. डोंगरातल्या शाळेतली मुलं कोणती चित्रं लक्षात ठेवतात? ओळखीच्या वस्तूंची, की कधीच न पाहिलेल्या वस्तूंची? तिने कोऱ्या पुठ्ठ्यांवर तीसेक चित्रं काढून घेतली. बैल, भाकरी, नांगर, कोंबडी, तशीच आगगाडी, टेलिफोन, जहाज.

अडचण क्रमाची होती. एकामागून एक चित्रं दाखवली, तर पहिली आणि शेवटची माणसाच्या जास्त लक्षात राहतात, मधली विरून जातात. म्हणून प्रत्येक शाळेत क्रम वेगळा हवा, आणि तो आपण ठरवायचा नाही, कारण ठरवणाऱ्याची आवड त्यात शिरते. तिच्या मार्गदर्शक सरांनी सुचवलं की हे काम पुण्याच्या एका संस्थेतल्या कॉम्प्युटरवर सोपवावं. तेव्हा आमच्यापैकी कोणी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. वत्सला ग्रंथालयातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून चौकटींच्या कागदावर प्रोग्रॅम लिहू लागली. मी चेष्टा करायचे, "अगं, तीस चिठ्ठ्या डब्यात घालून हलवल्या तर नाही का चालणार?" ती मान वर न करता म्हणायची, "ग्रंथपालीणबाई, तुम्ही पुस्तकांना पुठ्ठे घाला."

एकदा मी तिच्याबरोबर पुण्याला गेले. काचेपलीकडे थंड खोली, कपाटांएवढी यंत्रं. प्रोग्रॅम उतरवलेल्या, भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापलेला कागद घ्यायला यायचं. कागदावर फक्त आकडे. प्रत्येक चित्राच्या पाठीवर त्याचा आकडा होता, त्याप्रमाणे चित्रं लावायची. दाखवतानाचा तिचा नियम ठरलेला होता... चित्र मुलाकडे, आकडा आपल्याकडे. आपला चेहरा चित्र पाहून बदलू नये म्हणून. एका शाळेचं काम झालं की चित्रं पिसून ठेवायची, तिथला कागद पाकिटात बंद, आणि सगळ्या शाळा होईपर्यंत उघडायचा नाही. तिच्याइतकं काटेकोर माणूस मी पाहिलेलं नाही, आणि नेमक्या त्या काटेकोरपणानेच तिला फसवलं.

आधी अकोले गावची शाळा झाली, मग काही आठवड्यांनी कोतूळची. मुलांची उत्तरं पाहून सर खूश झाले. मुलांना बैल आठवत होता, भाकरी आठवत होती. आगगाडी आणि टेलिफोन जवळजवळ कुणालाच नाही. "ग्रामीण मन स्वतःचंच जग जपतं," असं काहीसं वाक्य सरांनी प्रबंधासाठी तयारही करून ठेवलं होतं. तिसरी शाळा राजूरची, तिची स्वतःची. सुट्टी होती म्हणून मीही गेले. वर्ग गच्च भरलेला. वत्सलाने पहिलं चित्र वर धरलं आणि खाली ठेवलं. दुसरं उचलणार, तोच पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "आता कोंबडी यील."

वत्सलाने चित्र वळवून पाहिलं. कोंबडीच होती.

"तुला कसं गं कळलं?"

"माजी मावसबहीन हाय ना कोतूळची. तिनं बाजारात सांगितलं. पयला बैल, मंग कोंबडी, मंग नांगर... आन् समद्यात शेवटी भाकर."

वर्ग हसला. दाराशी उभे असलेले हेडमास्तर म्हणाले, "बाई, पेपर फुटला म्हणा की तुमचा!" वत्सलाही हसली. पण तिचे कान लाल झाले होते. मधल्या सुट्टीत तिने पिशवीतली दोन्ही पाकिटं फोडली आणि राजूरचा कागद शेजारी ठेवला. तिन्ही कागदांवर आकड्यांची एकच रांग होती.

कारण तिने मला परतीच्या एसटीत समजावलं. कॉम्प्युटर स्वतःहून चिठ्ठ्या टाकत नाही. त्याला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो. त्यावरून तो पुढचे आकडे हिशेबाने काढतो, पाहणाऱ्याला मात्र ते कसेही पडल्यासारखे वाटतात. सुरुवात तीच ठेवली की पुढचं सगळं तेच. तिने गंमत म्हणून राजूरच्या शाळेतला आपला हजेरीक्रमांक तिथे घातला होता, आणि दर वेळी यंत्र नव्याने पिसेल अशा समजुतीत ते कार्ड बदललंच नव्हतं. बैल लक्षात राहत होता तो पहिला म्हणून, भाकरी शेवटची म्हणून. आगगाडी बिचारी दर वेळी मध्येच सापडली होती.

सर रागावले नाहीत. "बारीकशी गोष्ट आहे, वत्सलाबाई. एक तळटीप टाका आणि प्रबंध द्या. मुलाखती तोंडावर आल्यात."

"सर, तळटीप कोण वाचतं?"

बाहेर आल्यावर मीही तिला म्हटलं, नोकरी आधी कायम होऊ दे, मग पुन्हा कर. ती पायरीवर थांबली. "आमच्याकडच्या पोरांना बैलच आठवतो असं एकदा छापून आलं, की ते कोण खोडणार? मग त्यांच्या पुस्तकातही बैलच येतील." एवढंच बोलली. त्या वर्षी प्रबंध दिला गेला नाही. कायम जागेवर दुसरे गृहस्थ आले, सज्जन होते. वत्सला अकोले तालुक्यात नव्या शाळा शोधत हिंडू लागली. या वेळी कॉम्प्युटर नव्हता. पत्र्याच्या पेटीत चित्रं घालायची, मुलाला एकट्याला समोर बसवायचं आणि त्यालाच म्हणायचं, "उचल." क्रम त्याच्या हाताने ठरायचा, ती फक्त पाठीवरचा आकडा लिहून घ्यायची.

मुलांना आगगाडीही बैलाइतकीच आठवली. टेलिफोन तर जरा जास्तच. प्रबंधाचा निष्कर्ष अखेर असा निघाला की विशेष फरक आढळला नाही. असल्या निष्कर्षाला टाळ्या पडत नाहीत. पदवी मिळाली, उशिरा का होईना नोकरीही कायम झाली. तिच्या तोंडून या सगळ्याबद्दल हळहळ मी कधी ऐकली नाही. सवय मात्र जडली. चहा की कॉफी, भाजी कोणती, पायी जायचं की रिक्षाने... पेटी पुढे यायची. मी म्हणायचे, "तुझं तू ठरव ना!" तर म्हणायची, "माझ्या हजेरीक्रमांकाचा मला भरवसा नाही बाई."

भाच्याने परवा ती पेटी मला आणून दिली. कोपरे दुमडलेत, भाकरीच्या चित्रावर चहाचा जुना डाग आहे. मी झाकण उघडलं. वर छत्री होती. मी तेव्हा परत ठेवली होती तशीच. म्हणजे त्यानंतर तिने चित्रं पिसली नव्हती. त्याखाली तिच्या हातून शेवटचे लागलेले पुठ्ठे, पाठ वर करून. पिसायला म्हणून मी उचलले आणि तसेच ठेवून दिले. तिला हे मुळीच आवडलं नसतं. पण पेटी कपाटात आहे, आणि तो क्रम अजून मी मोडलेला नाही. सकाळी कॉफीच करते.