छेदावरची कमान

धुळ्याच्या वीज कार्यालयात मी नकाशे शाईत गिरवणारी ट्रेसर म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी मुख्य आरेखक दौलतनानांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला आणि दोन तास नुसत्या रेषा काढायला लावल्या. नाव, गाव, शिक्षण काहीही विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "ताई, रेष सुरेख आहे. पण ती कुठे चाललीय ते दिसत नाही." मला राग आला. रेषेने कुठे जायचं असतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

नाना विजेच्या तारांचे नकाशे काढत. कोणती तार कोणत्या उपकेंद्रातून निघते आणि कोणत्या गावाला जाते, हे सगळं एका कागदावर. ऐंशीच्या दशकात गावोगाव वीज पोहोचली तशा तारा वाढल्या आणि कागदावर गुंता झाला. साहेबांना नकाशा भिंतीवर शोभायला हवा असे. नानांना तो लाइनमनच्या पिशवीत चुरगळल्यावरही वाचता यायला हवा असे. म्हणून मुख्य तार जाड, फाटे बारीक, वळण गोलसर, शेजारच्या दोन रेषांत नजर घसरणार नाही एवढं अंतर. दोन तारा जोडलेल्या असतील तर तिथे ठिपका. नुसत्याच एकमेकींवरून जात असतील, तर वरच्या रेषेला छोटीशी कमान.

या कमानी मला कागदाला पुरळ आल्यासारख्या दिसत. पिंपळनेरकडचा नकाशा शाईत उतरवताना एका छेदावरची कमान मी गाळली आणि सरळ फुली काढली. नाना त्या आठवड्यात तापाने फणफणले होते. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी 'तपासले' या चौकटीत सही केली. लाइनमनकडे जाणाऱ्या अमोनियाच्या प्रिंटवर, म्हणजे छापील प्रतीवर, ती फुली चक्क ठिपक्यासारखी उमटली.

महिनाभराने पिंपळनेरचे लाइनमन सुकदेवभाऊ दुरुस्तीला गेले. नकाशा पाहून त्यांनी एक तार बंद केली आणि नकाशात तिला जोडलेली दिसणारी दुसरीही बंद झाली असं समजले. खांबावर चढण्याआधी सवयीने तार जमिनीशी जोडणारी अर्थिंगची लांब काठी त्या दुसऱ्या तारेला लावली, तर ठिणगी उडाली. काठी लावली नसती तर माणूस गेला असता.

चौकशीत नानांनी एकच वाक्य लिहून दिलं, "छेद तपासण्यात माझी चूक झाली." त्यांची बढती लांबली. मी मात्र मूग गिळून गप्प बसले.

पुढच्याच रविवारी नाना मला घेऊन एस.टी.ने पिंपळनेरला गेले. सुकदेवभाऊंच्या ओसरीवर नकाशा अंथरून म्हणाले, "भाऊ, रेषेवर बोट ठेवा आणि चालत जा. अडाल तिथे थांबा."

बोट तीन ठिकाणी थांबलं. "नाना, आठे ह्या दोन लाइनी जोडेल शेतस, का नुसत्या वरथीन जातस?"

"जोडलेल्या की नुसत्या वरून जाणाऱ्या, हे तुम्हाला विचारावं लागलं ना, म्हणजे रेष चुकली," नाना म्हणाले आणि तिथे पेन्सिलीने खूण केली.

तो नकाशा आम्ही अख्खा नव्याने काढला. त्यानंतर एखाद्या लाइनमनचं बोट न अडखळता शेवटपर्यंत गेल्याशिवाय नानांनी एकही नकाशा बाहेर सोडला नाही. आमच्या विभागाला लोक 'अंगठेबहाद्दरांची शाळा' म्हणून चिडवत. नाना त्यांनाही चहा पाजत.

आता नानांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात काही जण त्यांची 'ती एक चूक' मोठ्या मनाने पोटात घालून लिहितील, याची मला खात्री आहे. त्यांनी कृपया तसदी घेऊ नये. ती फुली माझ्या हातची होती. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली, याची लाज वाटते.

नाना, तुम्ही त्याबद्दल मला कधी एका शब्दानेही बोलला नाहीत. आता सगळ्यांदेखत बोला. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि एका दिवसात राग निघाला नाही तर रोज बोला. मी ऐकायला येईन.