पाठमोरी

जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती कुरिअरने आली. पाकीट फोडताच शाईचा वास आला आणि मी भिवंडीतल्या आमच्या खोलीत जाऊन पोचले, ऐंशीच्या दशकातल्या एका शुक्रवारी.

शुक्रवारी लूम बंद असायचे. एरवी त्या खडखडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. त्या दुपारी मात्र वाचून दाखवता यायचं. माझं नवं लग्न, नवरा कामासाठी सुरतेला. शेजारच्या जुबेदाखालांचा नवरा कुवेतला. खालांना मराठी वाचता येत नव्हतं. मी वाचायची आणि त्या तांदूळ निवडत ऐकायच्या.

मुखपृष्ठावर खिडकीशी उभी असलेली एक पाठमोरी बाई होती. कादंबरी संपली त्या दुपारी खालांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि तिच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"किस्सा संपला, पण ही वळलीच न्हाय."

"चित्र आहे ते खाला, वळेल कसं?" मी हसले.

"हिचा माणूस लांब हाय. पाठीवरून समजते, पोरी."

मला तेव्हा नुसती पाठच दिसत होती.

आता नवरा नाही, खाला तर कधीच्या गेल्या. नव्या मुखपृष्ठावर मात्र ती बाई चक्क वळली आहे. 'बघा खाला' म्हणून मी पुस्तक उचललंसुद्धा. मग चष्मा लावून नीट पाहिलं. चेहरा देखणा, टवटवीत. या पोरीने अजून कुणाची वाट पाहिलेली नाही.

पुस्तक टेबलावर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.